दोन्ही दिवे लागले, मग गुण एकालाच का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हांगझोच्या एशियाडमधली पुरुषांच्या वैयक्तिक सेबरची (तलवारबाजीतला एक प्रकार) अंतिम लढत तुम्ही आणि तुमच्या सातवीतल्या मुलाने घणसोलीत घरी बसून पाहिली. बहुतेक वेळा लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे लागले, दोघंही मूठ आवळून ओरडले, पण पंचांनी गुण एकालाच दिला. हा पक्षपात आहे की काय? आणि मुलाला हेच शिकायचंय, तर सुरुवात कुठून करायची? दुसऱ्याचं उत्तर थोडक्यात देतो. पहिल्यावर मात्र मोकळेपणाने लिहितो, कारण ठाणे जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलो की खुर्च्यांमधून पालकांचा हाच आवाज येतो, 'अहो, आमचा दिवा लागला ना!'

पक्षपात नाही. सेबरमध्ये दिवा गुण देत नाही, गुण पंच देतात. दिव्याचं काम फार मर्यादित आहे. कंबरेच्या वरचा भाग, दोन्ही हात आणि मास्क एवढी जागा वैध. त्यावर धातूच्या तारा विणलेलं जॅकेट असतं, मुलं त्याला नुसतं 'लामे' म्हणतात. फॉइल किंवा इपी या तलवारबाजीच्या इतर दोन प्रकारांसारखं सेबरच्या टोकाला बटण नसतं. पात्याचा कुठलाही भाग लामेला टेकला की वीजमंडळ पूर्ण होतं आणि दिवा लागतो. एकाचा दिवा लागल्यावर दुसऱ्याला 170 मिलिसेकंद मिळतात, मग यंत्र पुढचा वार नोंदवत नाही. रिओ ऑलिंपिकपर्यंत ही मुदत 120 होती, नंतर वाढवली. 170 म्हटलं तरी सेकंदाचा जेमतेम सहावा भाग. दोन तयारीचे खेळाडू एकमेकांवर झेपावतात तेव्हा एवढ्या वेळात दोन्ही पाती पोचणं हे रोजचंच आहे.

मग ठरतं ते प्रायॉरिटीवर, म्हणजे त्या क्षणी आक्रमणाचा हक्क कोणाकडे होता यावर. आणि तो हक्क हातापेक्षा आधी पायात दिसतो. तुम्ही दोघं पात्याकडे बघत होतात, म्हणून गोंधळ झाला. पात्याचा वेग डोळ्याला पकडता येत नाही. पाय पकडता येतात.

पिस्ट, म्हणजे लढतीचा पट्टा, 14 मीटर लांब. मधल्या रेषेपासून दोन-दोन मीटरवर दोघं उभे, म्हणजे मध्ये अंतर चार मीटर. पंच फ्रेंचमध्ये म्हणतात 'आँ गार्द' (पवित्रा घ्या), मग 'प्रे' (तयार?), मग 'आले' (सुरू करा). त्या 'आले'नंतरचा पहिला अर्धा सेकंद नीट बघा. दोघंही सारखेच पुढे आले, दोघांनी एकाच वेळी हात सोडला आणि दोन्ही दिवे लागले, तर पंच 'सिमल्टेनियस' म्हणून सोडून देतात. गुण कोणालाच नाही, परत आपापल्या रेषेवर. पण एकाचा पाय किंचित अडखळला, एक क्षण थांबला, किंवा पुढे येताना त्याने हात मागे खेचला, तर हक्क समोरच्याकडे गेला. आता याचं पातं लागलं आणि दिवा पेटला तरी तो उशिरा जागा झालेला काउंटर अटॅक, म्हणजे समोरच्याचं आक्रमण चालू असताना मारलेला वार. दोन्ही दिवे असले तर गुण समोरच्याचा.

खरी मजा त्याच्या पुढे आहे. समजा एकाने हक्क घेतला आणि दुसरा मागे सरकायला लागला. मागे जाणारा हरत चाललाय असं घरी बसून वाटतं, पण तो तिथे सापळा लावत असतो. समोरच्याच्या पोचेबाहेर बोटभर राहायचं, त्याला लंज (पुढचा पाय लांब टाकून झेपावत केलेला वार) मारायला लावायचं, आणि त्याचं पातं हवेतून गेलं की त्याच क्षणी उलटायचं. नियमाप्रमाणे लंजचा वार पुढचा पाय जमिनीवर टेकेपर्यंत पोचला पाहिजे. पाय आधी टेकला आणि पातं मग लागलं, तर ते आक्रमण तिथेच संपलं. आता पाळी दुसऱ्याची. पंच नेमकं हेच बघतात: पुढच्या पायाची टाच कधी टेकली आणि पातं कधी लागलं. किंवा मागे जाणाऱ्याने वार पात्यावर घेतला, म्हणजे पॅरी केली, की लगेचचा रिपोस्ट, म्हणजे उलट वार, त्याच्या हक्काचा. पहिल्याने हट्टाने पुन्हा मारलं आणि दोन्ही दिवे लागले तरी गुण रिपोस्टचा. 'टण्' असा आवाज आला की कान टवकारा, बऱ्याचदा हक्क तिथेच फिरलेला असतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाच्या लक्षात आली असेल. सेबरमध्ये पुढे जाताना मागचा पाय पुढच्या पायाला ओलांडून नेता येत नाही. म्हणून ते धावत नाहीत, तर पुढचा पाय पुढेच ठेवून झपझप सरकतात आणि शेवटी अंग झोकून देतात. ओलांडला तर वार बाद, वर पिवळं कार्ड. पुन्हा चूक झाली तर लाल कार्ड, आणि लाल म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण.

निर्णय पटला नाही तर खेळाडू व्हिडिओ मागू शकतो. पूलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गटातल्या लढतींत, एकदा, बाद फेरीत दोनदा. दाद बरोबर ठरली तर ती संधी शिल्लक राहते. पंच पडद्यापाशी जाऊन हळू गतीत पाहतात आणि बाहेर येऊन हाताच्या खुणांनी सगळा क्रम सांगतात: आक्रमण कोणाचं, पॅरी झाली का, रिपोस्ट कोणाचा. त्या खुणा तीन-चारच आहेत. त्या ओळखता आल्या की निम्मा खेळ समजायला लागतो.

आता तुम्ही पाहिलेली लढत. ओह सांग-उक विरुद्ध गु बोन-गिल, 15-7. दोघंही कोरियाचे. एशियाडच्या वैयक्तिक प्रकारात एका देशाचे दोनच खेळाडू असतात, आणि ते दोघंच अंतिम फेरीत आले यावरून कोरियाचा दबदबा कळतो. गु 2010, 2014 आणि 2018 असा सलग तीनदा विजेता होता, चौथ्यासाठी उतरला होता. ओहची उंची 192 सेंटीमीटर. एवढी पोच असलेला माणूस पायांनीही तितकाच चपळ असला की समोरच्याला अंतर चोरायला जागाच उरत नाही.

पण मुलाला एकच लढत दाखवायची असेल तर मी याच दोघांची 2018 ची जकार्ताची अंतिम लढत दाखवेन. गुने ती 15-14 अशी जिंकली. कोरियात तरुणांना सक्तीची लष्करी सेवा असते आणि एशियाडच्या सुवर्णपदकाने त्यातून सूट मिळते. गुला ती आधीच मिळालेली होती, ओहला नव्हती. म्हणजे 14-14 वर समोरासमोर उभे असताना धाकट्याचं पुढचं आयुष्य त्या एका गुणावर टांगलेलं होतं, आणि समोर त्याचाच संघातला दादा होता. गुने हात आखडता घेतला नाही. जिंकला, आणि नंतर रडला. काही दिवसांत दोघांनी मिळून सांघिक सुवर्ण जिंकलं आणि ओहचाही प्रश्न सुटला. मला ही लढत फार मोलाची वाटते, कारण दोघांनीही एकमेकांना पूर्ण ताकदीचा खेळ दिला.

तोच ओह 2024 ला पॅरिसला ग्रां पॅलेमध्ये ऑलिंपिक विजेता झाला. अंतिम लढतीत ट्युनिशियाच्या फारेस फेरजानीविरुद्ध 14-8 पुढे असताना लागोपाठ तीन गुण गेले, 14-11 झालं, मग शेवटचा गुण घेऊन 15-11. सेबरमध्ये आघाडी अशी बघता बघता वितळते. एकेक गुण दोन-तीन सेकंदांत संपतो, श्वास घ्यायला वेळ नसतो. बाद फेरीत कोणाचे तरी आठ गुण झाले की एक मिनिटाची विश्रांती मिळते, तेवढीच. त्याच पॅरिसमध्ये हंगेरीचा आरोन सिलाजी, 2012, 2016 आणि टोकियो अशी सलग तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेला माणूस, पहिल्याच लढतीत बाहेर पडला. ऑलिंपिकच्या वैयक्तिक प्रकारात पूल नसतात, थेट बाद फेरी. सावरायला दुसरी संधी नाही. एशियाडमध्ये आधी पाच गुणांचे पूल होतात, मग पंधरा गुणांची बाद फेरी. तिथे उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, ऑलिंपिकमध्ये त्यासाठी वेगळी लढत होते.

मुलाचं. सातवी हे वय उत्तम आहे. घरी आधी एकदा भवानीदेवीबद्दल सांगा: टोकियोला ऑलिंपिकमध्ये उतरलेली भारताची पहिली तलवारबाज, आणि तिचा प्रकार सेबरच. 2023 ला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य आणलं तेही सेबरमध्येच. मुलांना आपल्यातलं कोणीतरी तिथवर गेलेलं दिसायला हवं.

क्लास निवडताना ठाणे असो की वाशी-नेरूळ, माझं मत स्पष्ट आहे: हॉल चकचकीत आहे का यापेक्षा दिव्यांचं यंत्र चालू आहे का आणि प्रशिक्षक मुलांच्या लढतीत प्रत्येक गुणाचं कारण बोलून दाखवतात का ते बघा. नुसतं 'टच' म्हणून पुढे जाणाऱ्या क्लासमध्ये मूल हात चालवायला शिकतं, सेबर शिकत नाही. पहिले काही महिने फक्त पायांचा सराव होईल, मूल कंटाळेल, तरी प्रशिक्षकांना घाई करायला लावू नका. सुरुवातीला बरेच क्लास किट देतात, त्यामुळे सगळं एकदम विकत घेऊ नका. आधी स्वतःचा ग्लोव्ह आणि मास्क घ्या. मास्क मात्र दुसऱ्याचा, सैल, जाळी दबलेला अजिबात नको.

किट घेतलंत तर आपल्या हवेची काळजी घ्या. पावसाळ्यात इथली दमट हवा पात्यावर आठवड्याभरात तांबूस गंज चढवते. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. घामाने भिजलेलं लामे बॅगेत तसंच राहिलं तर तारा काळ्या पडतात आणि तिथे वार लागूनही दिवा लागत नाही. मग स्पर्धेच्या तपासणीत ते जॅकेट बाद होतं. पूर्ण सेबर मुठीसकट मीटरभराचं असतं, त्यामुळे संध्याकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये बॅग उभी धरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

तोवर घरी एक सराव करा. जकार्ता किंवा हांगझोची लढत लावा, आवाज बंद करा, गती निम्मी करा आणि पडद्यावर जिथे दिवे दिसतात तिथे कागदाची पट्टी चिकटवा. प्रत्येक 'आले'नंतर फक्त पाय बघायचे आणि वार झाला की थांबवून मुलाने मोठ्याने सांगायचं: आक्रमण डावीकडच्याचं की उजवीकडच्याचं, की सिमल्टेनियस. मग चालू करून पंचांचा हात कुठल्या बाजूला उठतो ते पाहायचं. सुरुवातीला बरेच अंदाज चुकतील. जिथे पंचांशी जुळलं नाही ते ठिकाण, लढत आणि स्कोअर लिहून इथे टाका, मी एकेक सांगतो.