साखरपुड्याला टायटेनियमची अंगठी चालेल का?

शिकागोहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. मुलगा तिकडेच वाढलेला, मुलगी इथली कोथरूडची, डिसेंबरात साखरपुडा आणि लग्न दोन्ही पुण्यात. हॉल झाला, केटरर झाला, साड्या झाल्या आणि गाडी अडली ती नवरदेवाच्या अंगठीवर. त्याला सोनं नकोय, टंगस्टन नाहीतर टायटेनियमचा साधा काळपट बँड हवाय. आजी म्हणतायत, शुभकार्यात बोटात लोखंड घालणार का. ताईंचं म्हणणं असं की व्याह्यांना हे सांगू कसं, आणि मुळात अशी अंगठी घेण्यात शहाणपणा आहे का?

ताई, आधी आजींचं बघू, कारण त्यांची शंका अगदी बरोबर जागची आहे. आपल्याकडे लोखंड म्हटलं की शनी आठवतो, बोटात लोखंडाची अंगठी बघितली की साडेसाती चालू आहे का असं लोक विचारतात, त्यामुळे त्यांना धसका बसणारच. पण टायटेनियम लोखंड नाही, तो वेगळाच मूळ धातू आहे, त्याला गंज चढत नाही आणि शरीर त्याला परकं मानत नाही, म्हणून तर दाताचं इम्प्लांट बसवताना हिरडीखाली हाडात जो स्क्रू घालतात तो बहुतेक वेळा टायटेनियमचाच असतो. हे आजींना सांगा, त्यांच्या ओळखीत कोणी ना कोणी असा दात बसवलेला असेलच. टँटलम, नायोबियम, झिर्कोनियम या हल्ली अंगठ्यांना वापरतात त्या धातूही लोखंड नाहीत. मात्र स्टील, नागमोडी रेघांचं डमास्कस स्टील आणि हल्ली हौसेने घेतात तो उल्केचा तुकडा बसवलेला बँड, हे तिन्ही लोखंडच. उल्केतल्या लोखंडाला तर चक्क गंज चढतो, पुसून तेलाचा हात लावत बसावं लागतं. (लोणार आपलं म्हणून मला उल्केचं भारी अप्रूप आहे, पण रोज भांडी घासणाऱ्या हातात तो बँड घालू नये असंच मी म्हणेन.)

आणि एक, लग्न लागतं ते लाजाहोम आणि सप्तपदीने, अंगठीने नाही. अंगठी साखरपुड्याची, हौसेची आणि प्रेमाची, तिचा धातू कुठला असावा यावर गुरुजी अडून बसणार नाहीत. धार्मिक कार्यात गुरुजी आपल्या अनामिकेत जे पवित्रक घालायला देतात ते दर्भाचं असतं, म्हणजे गवताचं. मी आजींशी बोलले असते तर हेच सांगितलं असतं.

आता व्याही. मुलीच्या आईवडिलांना जावयाच्या बोटात सोनं घालायचंय, ती त्यांची माया आहे आणि ती नाकारली तर त्यांना वाईट वाटेल, मग कारण कितीही पटण्यासारखं असो. म्हणून माझं म्हणणं, साखरपुड्याला त्यांनी वेढणीच घालावी, चोख सोन्याची, बिननक्षीची, पूर्वीपासून घालतात तशी. मुलाने ती त्या दिवशी आणि सणावाराला घालावी आणि एरवी जपून ठेवावी. सोनं कधीही मोडता येतं, त्या दिवसाच्या भावाने पैसे उभे राहतात. टायटेनियम, टंगस्टनला मोड नाहीच, दुकानातून बाहेर पडलं की त्याची विकायची किंमत जवळपास शून्य, तेव्हा त्याच्याकडून ती अपेक्षाच नको. रोजची अंगठी मुलाची, ठेवणीतली व्याह्यांची. दोन अंगठ्या झाल्या म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे आणि ती कोणी बोलत नाही, अंगठी बोटात अडकते तेव्हा काय?

माझे मोठे दीर स्कूटरवरून पडले, डाव्या हाताचं बोट तासाभरात भेंडीएवढं होतं ते वांग्याएवढं सुजलं. अंगठी 22 कॅरेटची, लग्नातली. दवाखान्यातल्या सिस्टरने छोटं हातकटर आणलं, त्याची पातळ पट्टी अंगठीखाली सरकवली, चावी फिरवत गेली आणि दोनेक मिनिटांत अंगठी उघडली. पुढे महिन्याभराने सोनाराने मधे सोन्याचा बारीक तुकडा घालून डाक लावून ती जोडून दिली. आज ती खिडकीपाशी उजेडात धरली तर आतल्या बाजूला केसाएवढी रेघ दिसते, बाकी काही कळत नाही. दीर अजून तीच घालतात.

टंगस्टनचं असं होत नाही. बाजारात टंगस्टन म्हणून जे विकतात ते टंगस्टन कार्बाइड, म्हणजे पूड दाबून भट्टीत भाजून घट्ट केलेला पदार्थ, कडकपणा मोह्स मापावर (ज्यात हिरा 10 असतो) 9 च्या आसपास, म्हणून त्यावर ओरखडा उठत नाही. पण जे इतकं कडक ते ठिसूळही असतं. माझ्या भाच्याची तसली अंगठी आंघोळीच्या वेळी शहाबादी फरशीवर पडली आणि दोन तुकडे झाले, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, भाचेसुनेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती जोडता येत नाही, मोठी करता येत नाही, लहान करता येत नाही. बोट सुजलं तर हातकटरचं पातं तिच्यावर घसरतं, ती कापत नाहीत, फोडतात. लॉक होणाऱ्या पक्कडीत धरून थोडंथोडं घट्ट करत जायचं, ती तडकते, डोळ्यांना चष्मा लावून. माहिती असलेल्या माणसाला हे पटकन जमतं, नसलेल्याला अर्धा तास काय करावं हेच सुचत नाही. मुलगा टंगस्टनवर अडून बसला तर निदान हे दोघांनाही पाठ असू द्या. शिवाय सोन्याची अंगठी तिच्या शेजारी त्याच बोटात घातली तर सोनं झिजतं.

टायटेनियम मला यात बरं वाटतं. कापता येतं, फक्त हातकटरने दमछाक होते, विजेवरचं कटर लागतं आणि कापताना तापतं म्हणून वर पाणी सोडत राहावं लागतं. वजनाला अगदी हलकं, ज्या मापाची 22 कॅरेटची अंगठी 8 ग्रॅम भरेल त्याच मापाची टायटेनियमची जेमतेम 2 ग्रॅम. काहींना हे हलकेपण आवडतं, काहींना बोटात काही आहे असंच वाटत नाही. मुलाला जड हवं असेल तर टँटलम बघायला सांगा, निळसर राखाडी रंग, वजनाला 18 कॅरेट सोन्याच्याही थोडं वर, पडलं तर फुटत नाही. महाग पडतं, पण माझ्या मते काळपट रंग आवडणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगलं तेच.

काळ्या रंगाबद्दल एवढंच की टायटेनियमवर वरून चढवलेला काळा मुलामा कडांवर आधी उडतो आणि खालचा पांढरा धातू दिसायला लागतो. झिर्कोनियम तापवून काळं करतात, तो थर धातूतूनच तयार होतो म्हणून जास्त टिकतो. नायोबियमवर वीज सोडून निळे जांभळे रंग आणतात, दिसतात सुंदर पण अंगठीसारख्या रोज घासणाऱ्या वस्तूवर राहत नाहीत.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की लहानपणी बेल्टच्या बकलाने त्याच्या पोटावर चट्टा यायचा. ताई, ही मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, ते निकेल या धातूच्या अ‍ॅलर्जीचं असणार, एकदा स्किनच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तसं असेल तर तिकडचं व्हाइट गोल्ड घेऊ नका, अमेरिकेत त्यात बऱ्याचदा निकेल असतं आणि वरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजला की ते कातडीला लागतं. टंगस्टन कार्बाइडमध्येही पूड धरून ठेवायला निकेल किंवा कोबाल्ट घालतात. टायटेनियम, टँटलम, नायोबियम किंवा 950 (म्हणजे 95 टक्के शुद्ध) प्लॅटिनम घेतलं तर हा त्रास होऊ नये.

इथल्या सोनाराकडून टायटेनियम मोठं करून घेऊ असं मनात असेल तर ते काढून टाका. मी मुद्दाम रविवार पेठेतल्या एका जुन्या कारागिराला विचारलं, सोनं 1064 अंशांना वितळतं, टायटेनियमला 1668 लागतात, आणि तेवढंच नाही तर उघड्या हवेत लाल होईपर्यंत तापवलं की ते हवा शोषून ठिसूळ होतं, आर्गॉन वायूत काम करावं लागतं. आमच्या फुंकणीचं हे काम नव्हे बाई, असं त्यांनी सरळ सांगितलं. तेव्हा माप पहिल्यांदाच बरोबर यायला हवं, किंवा माप बदलून देणारं दुकान हवं, आणि ते लेखी घ्या. अमेरिकेचा 10 नंबर म्हणजे आतून 19.8 मिलिमीटर, एका नंबराला साधारण 0.8 मिलिमीटर. आपल्याकडचे नंबर वेगळे चालतात, त्यामुळे बोलणं नेहमी मिलिमीटरमध्येच करा. रुंद बँड अरुंदपेक्षा घट्ट बसतो, म्हणून ज्या रुंदीचा घेणार त्याच रुंदीच्या नमुना रिंगने माप घ्यायचं, दोऱ्याने नाही. शिकागोच्या थंडीत बोटं बारीक होतात आणि तेच माप घेऊन माणूस पुण्याच्या मे महिन्यात आला की अंगठी निघता निघत नाही.

सूनबाईंच्या अंगठीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तिची 18 कॅरेट किंवा प्लॅटिनमचीच घ्या, जी मोठी करता येते. गरोदरपणात डोहाळजेवणाच्या सुमारास बोटं सुजतात आणि तेव्हा अंगठी काढून ठेवावी लागते, नंतर कधीकधी माप कायमचंच बदलतं. सोन्याची पुण्यात घेतलीत तर आतल्या बाजूचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा 6 अक्षर-आकडी ओळख क्रमांक, भिंगातून बघून घ्या, 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क दागिन्यावर तो असायलाच हवा.

आत नावं कोरायची असतील तर तिकडच्या दुकानात देवनागरी टाइप करून पाठवू नका, बऱ्याच मशिनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते. मुलीने स्वतःच्या अक्षरात पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने नाव लिहावं, त्याचा फोटो लेझरवाल्याला द्यावा. मग आत तिचंच अक्षर येतं.

व्याह्यांना फोन तुम्ही स्वतः करा, मुलाला करायला लावू नका, आणि अंगठीचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडायच्या आधी करा. बोलायची सुरुवात वेढणीपासून करा, तुम्ही त्याला वेढणी घालाल ना, असं विचारा, आणि रोजच्या अंगठीचं त्याच्या मागून येऊ द्या, चट्ट्याचंही सांगा. मुलाला रविवारी सकाळी बाहेरून थंडीतून आल्यावर एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा असं माप घ्यायला लावा, दोन्ही आकडे कागदावर तारखेसकट लिहून ठेवा. वेढणी व्याह्यांनी इथे करायला टाकायच्या आत तेच आकडे त्यांनाही कळवा.