घरच्या कॉम्प्युटरमधून सारखा टक-टक आवाज येतो. काय करावं?

आधी महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कारण आवाज हार्ड डिस्कचा असेल तर हाताशी किती वेळ आहे ते सांगता येत नाही.

मग आवाज नीट ऐका. सलग, एका लयीत टिक-टिक येत असेल आणि काम वाढल्यावर तिचा वेग वाढत असेल, तर बहुधा एखादी वायर पंख्याच्या पात्याला लागते आहे. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा आणि वायर झिप टायने बांधून टाका. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज असते.

टक... टक... करून डिस्क थांबते आणि विंडोज अडकतं, असं होत असेल तर डिस्कचं हेड (माहिती वाचणारा भाग) आतल्या फिरत्या तबकडीवरच्या खुणा वाचू न शकल्याने पुन्हा पुन्हा मागे येतंय. खात्रीसाठी कॉम्प्युटर बंद करून त्या डिस्कला वीज देणारी साटा पॉवर केबल काढा आणि परत सुरू करा. आवाज गेला तर दोषी तीच. एकदा दुसरी पॉवर केबल लावून पाहा, सैल जोडणीनेही असं होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५ (खराब म्हणून बदललेले भाग) किंवा सी५ (वाचता न येणारे, संशयित भाग) या ओळीतली रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, वाढत असेल तर डिस्क बदलाच.

बॅकअपआधी चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू नका, त्याने मरणाऱ्या डिस्कवर ताण येतो. फायली निघतच नसतील तर वीज तोडून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजिबात ऐकू नका, आत दव धरतं.