आधी क्रँक, मग पॉवर मीटर

सायकलला पॉवर मीटर (पायाचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) बसवायची घाई नको, आधी क्रँकची, म्हणजे पेडल ज्यावर बसतं त्या आर्मची, लांबी ठरव. तुझे १७२.५ मिमीचे आहेत. एअरोबारवर (हँडलला पुढे लावलेल्या, कोपरं टेकवायच्या बारवर) वाकलास की गुडघा पार पोटात येतो. १६५ घे. सीट मात्र फरकाएवढी, साडेसात मिमी, वर घ्यायची. हे दुकानात हमखास विसरतात. बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधलं, क्रँकचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग) बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस: शिमानो कंपनीचा दांडा २४ मिमी जाडीचा, स्रॅम कंपनीच्या डब प्रकारचा जवळपास २९. मीटर डाव्या क्रँकचा पुरे, फक्त तो क्रँक उजव्याच्याच लांबीचा हवा. डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून दाखवतो खरा, पण साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट एका लयीत चढायला बास झालं. पहाटे सायकल बाहेर काढलीस की दहा मिनिटं गार होऊ दे, मग झिरो ऑफसेट कर, म्हणजे मीटरचं शून्य जुळवून घे.