मायनर लीगचा अंदाज पहिल्यांदा बांधताना
येत्या हंगामात कोणता पोरगा मायनर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या मोठ्या क्लबांच्या हाताखालच्या संघांत, कोणत्या पातळीवर खेळेल याची यादी छान केलीस. (पातळ्या खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए.) पण गेल्या हंगामात पोरगा जिथे संपला, त्याच्या वरच्या पायरीवर त्याला सरसकट चढवलंयस. सगळेच करतात, मीही केलं. आधी एवढंच बघ:

- त्या पातळीवर सामने किती झाले? ऑगस्टमध्ये डबल-एला पोचलेला एप्रिलमध्ये बहुधा तिथूनच सुरू करतो.
- वय. सिंगल-एमधल्या १९ वर्षांच्या आणि २३ वर्षांच्या पोराची फलंदाजीची सरासरी (दर संधीमागे हिट) सारखीच .२८० असली तरी अर्थ वेगळा.
- जागा आहे का? दोन शॉर्टस्टॉपना (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधले क्षेत्ररक्षक) एकाच संघात रोज ती जागा मिळत नाही.

होमरनला (चेंडू थेट मैदानाबाहेर) भुलू नकोस. पॅसिफिक कोस्ट लीग या ट्रिपल-ए लीगच्या उंचावरच्या मैदानांत चेंडू उडतोच. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस) किती, ते बघ. हाय-ए ते डबल-ए ही उडी बरेच जण सगळ्यात अवघड मानतात. रूल ५ (दुसऱ्या क्लबने असुरक्षित खेळाडू उचलण्याचा नियम), ऑप्शन्स (मोठ्या संघातल्याला परत खाली पाठवण्याची मुभा) या भानगडी पुढच्या वर्षी. सध्या एकाच क्लबचे चार संघ भर.