आधी सोनोग्राफी कशाला?

प्रश्न : शिरोली नाक्यावर आमच्या कुत्रीला, राणीला, मोटारसायकलनं उडवलं. डॉक्टरांनी एक्स-रे सोडून आधी पोटाची सोनोग्राफी केली, चार तासांनी पुन्हा. एवढी गरज होती का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होती, ताई. वरून साधं खरचटलेलंही नसतं आणि आत प्लीहा (पोटातला रक्तानं भरलेला अवयव) फुटलेली असते. मला याचीच सगळ्यात धास्ती वाटते. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, चार जागी ठेवतात : यकृताजवळ, दोन्ही मूत्रपिंडांपाशी, मूत्राशयावर. काही मिनिटांचं काम, भूलही लागत नाही. पोटात साचलेलं द्रव पडद्यावर काळं दिसतं. ते रक्त की लघवी, हे मात्र सुईनं काढूनच कळतं. सुरुवातीला कोरडं दिसलेलं पोट, सलाईननं रक्तदाब सुधारल्यावर भरू शकतं, म्हणून दुसरी तपासणी. राणीच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा.