‘एकीकरण’ की ‘एकात्मीकरण’? आणि युरोपचा ‘संघ’ की ‘महासंघ’?

मुलुंडच्या कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. शेजारी राष्ट्रं आर्थिक आणि राजकीय बाबतीत एकत्र येतात, त्या प्रक्रियेला मराठीत काय म्हणावं? मुलं उत्तरपत्रिकेत एकीकरण, विलीनीकरण, एकात्मता असं काहीही लिहितात. शिवाय वर्तमानपत्रं ‘युरोपीय महासंघ’ म्हणतात आणि काही पुस्तकं ‘युरोपीय संघ’, त्यातलं बरोबर कोणतं?

बाई, हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि त्याचं कारण आपल्याच इतिहासात आहे. ‘विलीनीकरण’ म्हटलं की मराठी माणसाला संस्थानं आठवतात. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याचं वेगळं अस्तित्व संपलं. ‘एकीकरण’ म्हणजे तुकडे जोडून एक अखंड वस्तू होणं. जर्मनीचं एकीकरण १८७१ मध्ये झालं, पुन्हा १९९० मध्ये झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही हाच शब्द होता, कारण मराठी मुलखाचं एक राज्य हवं होतं. ‘एकात्मता’ ही भावना किंवा स्थिती आहे, म्हणून ‘राष्ट्रीय एकात्मता’ शोभते. फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात १९५० नंतर जे झालं ते यातलं काहीच नव्हे. दोन्ही देश आणि त्यांची सरकारं जागच्या जागी राहिली, फक्त कारभार एकमेकांत गुंतत गेला. त्यासाठी ‘एकात्मीकरण’ हाच शब्द घ्यावा असं माझं ठाम मत आहे. उच्चाराला जड आहे, पण त्यात घटक नाहीसे होत नाहीत.

हा गुंता मुद्दाम घातलेला होता. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी प्रस्ताव मांडला, त्यामागची मूळ कल्पना फ्रान्सच्या नियोजन विभागाचे प्रमुख झां मोने यांची. तोफा आणि रणगाडे ज्यापासून होतात ते पोलाद आणि त्यासाठी लागणारा कोळसा, या दोन्हींचं उत्पादन एका सामाईक अधिकारमंडळाखाली आणायचं, म्हणजे या दोन देशांत युद्ध होणं प्रत्यक्षातच अशक्य होईल. पुढल्या वर्षी पॅरिसमध्ये करार झाला. त्यात फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग असे सहा देश होते. याच सहांनी २५ मार्च १९५७ रोजी रोममध्ये सही करून युरोपीय आर्थिक समुदाय उभा केला. जुन्या मराठी वृत्तपत्रांत त्याला ‘सामाईक बाजारपेठ’ म्हणत, आणि तो शब्द आजही मला फार नेमका वाटतो. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सातबाऱ्यावरचं सामाईक क्षेत्र, या सगळ्यांत मालकी अनेकांची आणि हक्क-जबाबदारी वाटलेली असते. ‘समान बाजारपेठ’ हे भाषांतर त्यापुढे अगदीच फिकं आहे. कृपा करून मुलांना ‘सामाईक’च शिकवा.

आता ‘जकात’. मुंबईकरांना, त्यातून मुलुंडकरांना, हा शब्द समजावायला नको. मुलुंड, दहिसर, मानखुर्दच्या नाक्यांवर मालाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकेची जकात गेली. पुस्तकांत ‘जकात संघ’ आणि ‘सीमाशुल्क संघ’ हे दोन्ही शब्द दिसतात. प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याच्या पुढाकाराने १ जानेवारी १८३४ पासून जर्मन राज्यांचा जो संघ अमलात आला, त्याला मी ‘जकात संघ’च म्हणेन. तिथे एकाच भाषेच्या मुलखात शेजारच्या राज्यात माल नेताना कर भरावा लागे. तो अडथळा मुंबईच्या नाक्यांच्या जातीचाच होता. सार्वभौम देशांच्या बाबतीत मात्र ‘सीमाशुल्क संघ’ बरा. सहा देशांनी आपसातलं सीमाशुल्क १ जुलै १९६८ रोजी पूर्ण काढून टाकलं आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांचे दर एकच ठरवले. बाहेरच्यांसाठीचा हा एकच दर नसेल तर त्याला सीमाशुल्क संघ म्हणू नये, ते नुसतं ‘मुक्त व्यापार क्षेत्र’. परीक्षेत इथेच गुण जातात.

संघ की महासंघ, हा खरा अवघड भाग.

युरोपीय समुदायातल्या देशांचा मॅस्ट्रिख्ट करार १ नोव्हेंबर १९९३ ला अमलात आला आणि ‘युरोपियन युनियन’ हे नाव पुढे आलं. शब्दाला शब्द ठेवायचा तर ‘संघ’च. आपल्या संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे. पण तो शब्द का निवडला, हे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं. हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा हक्क नाही, तो अभंग आहे. युरोपचं नेमकं उलट. तिथला सगळा डोलारा करारांवर उभा आहे, आणि लिस्बन कराराने बाहेर पडण्याची वाट कलम ५० मध्ये लिहूनच ठेवली. ब्रिटन त्याच वाटेने ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला.

भारत आणि युरोप दोघांनाही ‘संघ’ म्हटलं तर हा मूलभूत फरक मुलांच्या डोळ्यांआड होतो. मराठीत ‘महासंघ’ म्हणजे आपापलं अस्तित्व राखून असलेल्या संस्थांनी वर उभारलेली संस्था. जिल्हा दूध संघ मिळून दूध महासंघ होतो, पण जिल्हा संघाची नोंदणी आणि संचालक मंडळ कायम राहतं. युरोप त्याच्या पुष्कळ पुढे गेला आहे हे खरं. त्याचं न्यायालय आहे, संसद आहे, वीसच्या आसपास सदस्य देशांत एकच चलन आहे. तरी सार्वभौम सत्ता सदस्यांचीच, म्हणून ‘महासंघ’ मला जास्त पटतो. ज्या वृत्तपत्राने पहिल्यांदा तो वापरला त्याच्या संपादकीय मेजावर कोणी जाणता माणूस असणार. ‘संघराज्य’ मात्र कुणी लिहिलं तर चूक धरा.

दक्षिण आशियाई देशांच्या ‘सार्क’ या संघटनेला यातला कोणताच शब्द लावू नये. ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात ती स्थापन झाली तेव्हा नावातच ‘सहकार्य’ होतं. निर्णय एकमताने घ्यायचे आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेला आणायचे नाहीत, असं सनदच सांगते. व्यापाराचा करार २००६ पासून लागू झाला, तोही मुक्त व्यापार क्षेत्राचाच. २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषदच झालेली नाही. तेव्हा ‘प्रादेशिक सहकार्य संघटना’ एवढंच लिहावं. ‘सार्क परिषद’ हा शब्द फक्त बैठकीसाठी राखावा.

जाता जाता एक विनंती. महासंघातल्या देशांच्या प्रमुखांची बैठक ती ‘युरोपीय परिषद’. स्ट्रासबुर्गची, १९४९ पासूनची आणि मानवी हक्कांचं न्यायालय जिच्याशी जोडलेलं आहे ती संस्था निराळी, ती महासंघाचा भाग नाही. तिला ‘युरोपची परिषद’ म्हणा, आणि फळ्यावर दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहून दाखवा.