नोटरीवर भागवू नका, करार नोंदवूनच घ्या

पुण्यातल्या वाकडचा वन बीएचके, भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,००० आणि एजंट म्हणतोय, "अकराच महिने आहेत, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून टाकू." सरळ नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत अकरा महिने असो की पाच वर्षं. जबाबदारी घरमालकाची. ते कां-कू करत असतील तर एवढंच सांगा: नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे ऐकल्यावर बहुतेक मालक गुपचूप आधार कार्ड काढतात.

खर्चाचा बाऊही उगाच केला जातो. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ५,५००. एकूण २,२५,५०० वर ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५६४ रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर किरकोळ हाताळणी शुल्क. बाकी एजंट सांगेल तो त्याचा मेहनताना, त्यावर घासाघीस करा. नोंदणीसाठीचे अंगठ्यांचे ठसे घरबसल्या होतात. दोन साक्षीदार मात्र तयार ठेवा.

सही करण्याआधी मसुदा मागवून तीन कलमं नीट वाचा. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा किमान काळ: सहा महिन्यांचं असेल आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी बदलली, तर उरलेलं भाडं तुमच्या गळ्यात. ते दोघांनाही सारखंच लागू हवं. नोटीस: एक महिना पुरे. तिसरं डिपॉझिटचं, आणि खरी भांडणं इथेच होतात. "रंगरंगोटीचे पैसे कापले जातील" असं मोघम वाक्य असेल तर रक्कम लिहून घ्या, किंवा "रोजच्या वापराची झीज वगळून" हे शब्द घाला. परतीची तारीखही हवी: चावी दिली त्या दिवशी, "नंतर बघू" नाही.

चावी मिळताच, सामान आत नेण्याआधी, व्हिडिओ काढा: सिंकखालचा फुगलेला प्लाय, बाथरूमच्या तडकलेल्या टाइल्स, गीझर, खिडक्यांच्या जाळ्या, मीटरचं रीडिंग. त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मागचं लाइट बिलही मागून घ्या, थकबाकी निघाली तर वीज तुमची कापली जाते.

मालकी बघायला इंडेक्स टू, म्हणजे घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा, मागा. मालक परदेशात असतील तर सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे का ते पाहा. घर न बघता टोकन देऊ नका. "मी लष्करात आहे, बदली झालीय, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील" हा ठरलेला सापळा आहे. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही.

पाण्याचं वॉचमनला विचारा, एजंटला नको: पालिकेचं किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर किती आणि त्याचे पैसे कोण भरतं.

सोसायटीचं बिगर-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल लागणारं) मालकानेच भरायचं असतं, आणि ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. ते भाड्यात वेगळं जोडलेलं दिसलं तर मसुद्यातून काढायला लावा.